भाव कशाचा पडतोय ते बघा: टेक्नॉलॉजीच्या वेगातून स्टार्टअपची संधी शोधायची पद्धत

दर आठवड्याला काहीतरी नवीन येतं. सकाळी फोन उघडला की ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकलेली असते आणि खाली एकच ओळ, "हे बघितलंस का, आता आपलं काय?" मी स्वतः दोनेक वर्षं या बातम्यांच्या मागे इतका होतो की रोजचे दोन तास त्यातच जायचे आणि हातात काय उरायचं, तर छातीत धडधड आणि सतरा उघडे टॅब. धंद्यासाठी त्यातलं काहीही कामाला आलं नाही. मग एक दिवस ते सगळं बंद केलं आणि एक साधी वही घातली, ज्यात बातम्या नाहीत, फक्त भाव लिहायचे. हा लेख त्या वहीबद्दल आणि तिच्यातून पुढे काय करायचं त्याबद्दल आहे. जे नवीन काही सुरू करायच्या विचारात आहेत किंवा सुरू करून अडकलेत त्यांच्यासाठी.

पायरी १: भावाची वही घाला

टेक्नॉलॉजी वेगात चाललीय म्हणजे नेमकं काय होतंय? धंद्याच्या बाजूने बघितलं तर कुठल्यातरी गोष्टीचा भाव पडतोय, बस. काल जे मूठभर लोकांना परवडत होतं ते आज कोणालाही परवडतं.

आता हे भाव पडण्याचे प्रकार असतात आणि तो फरक कळला तर पुष्कळ काम होतं. चिपच्या धंद्यातल्या गॉर्डन मूरने १९६५ मध्ये मांडलं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय, १९७५ मध्ये त्यानेच ते सुधारून दर दोन वर्षांनी दुप्पट असं केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १९३६ मध्ये, थिओडोर राइट नावाच्या इंजिनियरने विमानांच्या कारखान्याचा हिशोब मांडला होता, तो मला जास्त उपयोगी वाटतो. त्याचं म्हणणं असं की आजवर बनवलेल्या एकूण विमानांचा आकडा दुप्पट झाला की एका विमानामागची मजुरी साधारण २० टक्क्यांनी उतरते. म्हणजे नुसती वर्षं गेली म्हणून वस्तू स्वस्त होत नाही, ती बनवत राहिलं म्हणून होते. त्यामुळे एखादी वस्तू स्वस्त होईल का हे ओळखायचं असेल तर ती कोण किती बनवतंय ते बघायचं.

सोलर पॅनल घ्या, १९७६ मध्ये एका वॅटला आजच्या हिशोबाने शंभर डॉलरच्या वर पडायचे, २०१९ पर्यंत ४० सेंटच्या खाली आले. लिथियम बॅटरीचा पॅक २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ च्या आसपास. हे झाले वर्षानुवर्षं घसरत आलेले भाव. काही भाव मात्र मधेच कड्यावरून कोसळतात, कारण पद्धतच बदलते. माणसाचा पूर्ण जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) वाचायला २००१ मध्ये दहा कोटी डॉलरच्या जवळपास लागायचे, २००८ च्या सुमाराला नवीन पद्धतीची मशिन्स आली आणि २०१५ संपेपर्यंत तो खर्च दीड हजार डॉलरच्या खाली गेला. आणि एआयचं तर डोळ्यासमोर आहे, चॅटजीपीटीच्या सुरुवातीच्या मॉडेलच्या, म्हणजे जीपीटी ३.५ च्या तोडीचं उत्तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा लाख टोकनला (टोकन म्हणजे शब्दाचा छोटा तुकडा) २० डॉलरने मिळत होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच दर्जाचं काम ७ सेंटला मिळायला लागलं. दोन वर्षांत, आपण लॉगिन पेज नीट करेपर्यंत.

वही कशी भरायची ते सांगतो. पाच-सहा ओळी पुरे, जास्त लिहाल तर भरणारच नाही. प्रत्येक ओळीत वस्तू, आजचा भाव, दोन वर्षांपूर्वीचा भाव, ती बनवणारे वाढताहेत का, आणि भाव किती झाला की माझ्या कामाची होईल तो आकडा. दर तीन महिन्यांनी भरायची. एक गोष्ट मात्र पक्की पाळा, वस्तू गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहायची. "दहा लाख टोकन" लिहून काही कळत नाही, "एक बिल वाचायचा खर्च" किंवा "एका फोन कॉलचा सारांश काढायचा खर्च" असं लिहा, म्हणजे तो आकडा कोणाच्या कामाचा आहे ते लगेच दिसतं.

आणि शेजारच्या पानावर जे स्वस्त होत नाहीये तेही लिहा. माणसाचं लक्ष, परवानग्या, अनुभवी माणसाचा वेळ, "चूक झाली तर जबाबदार कोण" याचं उत्तर. हे पान लोक रिकामं सोडतात आणि पैसा नेमका तिथे असतो, त्यावर खाली येतोच.

पायरी २: उंबरठ्याचा आकडा काढा

भाव पडतोय हे कळलं, पण तुमच्या कल्पनेसाठी तो पुरेसा पडलाय का? इथे हुशार लोकसुद्धा आपटलेत. जनरल मॅजिक नावाची कंपनी १९९० मध्ये निघाली, खिशात मावेल असा कम्युनिकेटर बनवायचा होता, म्हणजे आजचा स्मार्टफोनच म्हणा. १९९४ मध्ये सोनीने त्यांच्या सॉफ्टवेअरवर डिव्हाइस काढलंसुद्धा. पण मोबाइल डेटा नव्हता, बॅटऱ्या जड होत्या, स्क्रीन धड नव्हत्या, वेब लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं. कंपनी बुडाली. कल्पना बरोबर होती, माणसं तर इतकी भारी होती की त्यातलाच टोनी फॅडेल पुढे आयपॉडवर आणि अँडी रुबिन अँड्रॉइडवर गेला. फक्त भाव खाली आलेले नव्हते.

याच्या उलट यूट्यूब. पहिला व्हिडिओ एप्रिल २००५ चा, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये गूगलने १६५ कोटी डॉलरला विकत घेतलं. व्हिडिओ साइटची कल्पना त्यांच्या आधी अनेकांना सुचली होती, पण घरोघरी ब्रॉडबँड, ब्राउझरमध्ये आधीच बसलेला, व्हिडिओ चालवणारा फ्लॅश प्लेयर आणि व्हिडिओ काढणारे स्वस्त कॅमेरे हे तिन्ही एकाच वेळी जमून आले ते त्या वर्षांत.

आता तुमचा आकडा काढा. समजा गिऱ्हाईक महिन्याला १००० देईल (डॉलर, युरो, काहीही धरा) आणि महिन्यात ५०० वेळा वापरेल. माझा अंगठ्याचा नियम असा की टेक्नॉलॉजीचा खर्च कमाईच्या २० टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणजे २००, म्हणजे एका वापराला ०.४. आज खर्च १.६ येतोय आणि वहीनुसार तो दरवर्षी अर्धा होतोय, तर एका वर्षाने ०.८ आणि दोन वर्षांनी ०.४. म्हणजे दोन वर्षं काढायची आहेत. तेवढं काढायला पैसे आहेत का? असतील तर आत्ता तोट्यात थोडेच गिऱ्हाईक धरा आणि काम शिकून घ्या. नसतील तर दुसरी ओळ बघा, त्यात लाज कसली. पण हा भागाकार न करता "एआय स्वस्तच होणार आहे ना" म्हणत उडी मारणारे मी इतके बघितलेत की आता कोणी पिच दाखवायला आलं की आधी हेच विचारतो, आणि समोरचा कॅल्क्युलेटर शोधायला लागला की समजायचं.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो, एखादी गोष्ट स्वस्त झाली की एकूण बिल कमी होईल असं धरू नका. जेव्हन्स नावाच्या इंग्लिश अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं, इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तर कोळसा उलट जास्तच खपायला लागला. तुमचंही तसंच होतं, एका वापराचा खर्च निम्मा झाला की तुम्ही फीचर्स घालता, गिऱ्हाईक तिप्पट वापरतं, आणि महिनाअखेरीला क्लाउडचं बिल बघून घाम फुटतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वापराला मर्यादा घाला.

पायरी ३: गाडी कुठे अडते ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे घाई करू नका.

कॉम्प्युटर बनवणाऱ्या जीन अॅमडालने १९६७ मध्ये कॉम्प्युटरबद्दल एक गोष्ट दाखवून दिली जी धंद्यालाही जशीच्या तशी लागू पडते. एखाद्या कामाला दहा तास लागतात, त्यातले सहा तास टायपिंगचे. टायपिंग एकदम शून्यावर आलं तरी चार तास उरतातच, म्हणजे काम जास्तीत जास्त अडीच पट वेगात होईल, शंभर पट नाही. आणि काल ज्या चार तासांकडे कोणी बघत नव्हतं तेच आता सगळ्यांना टोचायला लागतात. संधी त्या चार तासांत असते, सहा तासांच्या भागात आधीच गर्दी झालेली असते.

आमचाच किस्सा सांगतो. आम्ही चौघं मिळून स्कॅन केलेली बिलं वाचणारं सॉफ्टवेअर बनवत होतो, आठ महिने घातले, अचूकता ९२ टक्क्यांपर्यंत नेली आणि त्याचा केवढा अभिमान. मग एक सर्वसाधारण एआय मॉडेल आलं, मी रविवारी सहज गंमत म्हणून ५० बिलं त्याच्यात टाकली, काहीही न शिकवता ४७ बरोबर. त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून सरळ झोपलो.

दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समध्ये जाऊन बसलो, हातात स्टॉपवॉच. तिथले काका वीस वर्षं हेच काम करत होते. एका बिलाला साधारण सहा मिनिटं लागत होती आणि त्यातली टायपिंगची फक्त दोन. बाकी चार मिनिटं ऑर्डरशी ताळा लावणं, माल खरंच आलाय का ते गोडाऊनला विचारणं, आणि मधूनमधून टेबलाच्या खणातून एक जाड रजिस्टर काढून त्यात बघणं. कव्हरवर बॉलपेनने लिहिलेलं, "भानगडी". मी म्हटलं काका हे काय? म्हणाले, "हे कॉम्प्युटरला कळत नाही ना साहेब." आत पानंच्या पानं. या सप्लायरचं बिल दर वेळी दोनदा येतं. याचा टॅक्सचा आकडा गोल केलेला असतो, वजा करून बघणे. याला फोन करायचा तर चारनंतर, आणि मुलाशी बोलायचं, वडील चिडतात.

आमचं आठ महिन्यांचं काम त्या दोन मिनिटांवर होतं आणि खरी अडचण चार मिनिटांत बसली होती. नंतर आम्ही बिल वाचायचं काम विकतच्या मॉडेलला दिलं आणि स्वतः फक्त भानगडी पकडणं, त्या योग्य माणसाकडे पाठवणं आणि त्याने काय निर्णय दिला ते लक्षात ठेवणं एवढंच बनवलं. तेच विकलं गेलं.

विजेच्या मोटरचीही हीच गंमत आहे. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण १९०० च्या सुमाराला अमेरिकेतल्या कारखान्यांच्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटरचा वाटा पाच टक्केसुद्धा नव्हता. ज्यांनी बसवली त्यातल्या बऱ्याच जणांनी वाफेचं इंजिन काढून तिथेच एक मोठी मोटर ठेवली, छताखालचा तोच लांबलचक फिरता दांडा, तेच पट्टे. फायदा दिसला तो १९२० च्या दशकात, जेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी मोटर आली आणि मशिन्स दांड्याच्या जवळ ठेवण्याऐवजी कामाच्या क्रमाने मांडता आली. आज बहुतेक ठिकाणी जुन्याच प्रक्रियेच्या मधोमध एआयची मोठी मोटर ठेवून दिलेली दिसते. मांडणी बदलायचं काम बाकी आहे.

तर करायचं काय? एक काम निवडा, ते करणाऱ्या माणसाच्या शेजारी अख्खा दिवस बसा (मीटिंगमध्ये विचारू नका, मीटिंगमध्ये लोक काम कसं व्हायला पाहिजे ते सांगतात, कसं होतं ते नाही), प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते लिहा. मग वहीत ज्याचा भाव पडतोय तो टप्पा शून्य मिनिटांचा झाला असं धरा आणि रांग आता कुठे लागेल ते बघा. असे तीन-चार दिवस तीन-चार वेगळ्या ठिकाणी. प्रत्येकाच्या खणात एखादं रजिस्टर असतंच, नाहीतर मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतात, किंवा "जुनी शीट फायनल २" नावाची एक्सेल. त्यांचे फोटो परवानगी घेऊनच काढा.

पायरी ४: आधी हाताने करून बघा

कोड लिहायचा नाही, निदान पहिले दोन आठवडे तरी नाही. आता कोड लिहिणं इतकं सोपं झालंय की हा मोह आवरणं पूर्वीपेक्षा अवघड आहे, शनिवारी बसलं की रविवारी डेमो तयार. पण जे तुम्हाला दोन दिवसांत जमलं ते शेजारच्यालाही दोन दिवसांतच जमणार आहे, तेव्हा त्याने सिद्ध काहीच होत नाही.

ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसच्या निक स्विनमर्नने १९९९ मध्ये बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले आणि साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवायचे. धंदा म्हणून तोटाच, पण लोक न घालून बघता ऑनलाइन बूट घेतात का याचं उत्तर गोडाऊन न बांधता मिळालं.

तुम्हीही तीन गिऱ्हाईक घ्या, काम स्वतः करा, मागे हवं तर तयार टूल वापरा, आणि पैसे मागा. कमी मागा पण मागाच, फुकटात सगळेच "मस्त आहे" म्हणतात. बघायच्या दोनच गोष्टी. तुम्ही आठवण न करता माणूस दुसऱ्या आठवड्यात परत आला का, आणि पैसे दिले का. आला पण पैसे देत नसेल तर बहुतेक वेळा दुखणं त्याचं असतं पण बजेट वरच्या साहेबाकडे असतं, मग त्या साहेबाला भेटा. पैसे दिले पण परत आला नाही तर तुम्ही चुकीचा टप्पा धरलाय, पुन्हा पायरी ३. दोन्ही नाही तर सोडा, दोनच आठवडे गेलेत.

पायरी ५: तीच लाट आपल्या अंगावर आली तर?

ज्या वेगाने तुम्हाला संधी दिली तोच वेग सहा महिन्यांनी दारात येऊन उभा राहतो. स्वतःला विचारा, उद्या दहापट चांगलं आणि दहापट स्वस्त मॉडेल आलं तर माझा धंदा वाढेल की बसेल? मनात "बसेल" आलं तर तुम्ही दोन मिनिटांच्या बाजूला उभे आहात.

दुसरी भीती दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधण्याची. ट्विटरने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरच्या क्लायंट अॅप्सना (दुसऱ्यांनी बनवलेली, ट्विटर वापरायची अॅप्स) दार बंद केलं, वर्षानुवर्षं चाललेली अॅप्स काही दिवसांत संपली. त्याच वर्षी रेडिटने एपीआयला (बाहेरच्या अॅप्सना डेटा मिळायच्या वाटेला) पैसे लावले आणि अपोलोसारखं रेडिट वाचायचं लोकांचं लाडकं अॅप ३० जूनला बंद झालं. म्हणून काही गोष्टी सुरुवातीलाच करून ठेवा. ज्याचं मॉडेल वापरता त्या सप्लायरच्या आणि तुमच्या कोडच्या मध्ये एक पातळ थर ठेवा म्हणजे मॉडेल बदलणं हे एका दिवसाचं काम राहील. तुमच्या कामातली १०० खरी उदाहरणं, त्यात किचकटच जास्त, बरोबर उत्तरांसकट जपून ठेवा. नवीन काही आलं की जाहिरात वाचायची नाही, ही १०० त्याच्यावर चालवायची. आकडा सुधारला आणि वहीतला भावही पटला तरच बदलायचं, एकच गोष्ट सुधारली तर पुढच्या तिमाहीपर्यंत हात लावायचा नाही. माझे रोजचे दोन तास वाचले ते या १०० उदाहरणांमुळे.

गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना "आमचा खर्च अधिक थोडा नफा" असं कधीच लिहून देऊ नका. खर्च पडला की तुमची कमाईही पडते, मग भाव पडण्याचा फायदा तुम्हाला कुठे राहिला? भाव ठरवायचा तो वाचलेल्या वेळावर किंवा पकडलेल्या चुकांवर. आणि शेजारच्या पानावरचं जे स्वस्त होत नाहीये, त्यातली एक तरी गोष्ट तुमच्या हातात पाहिजे. आमच्याकडे गिऱ्हाइकांनी सोडवलेल्या भानगडींचा इतिहास आहे, त्यांच्या परवानगीने साठवलेला. मॉडेल कितीही हुशार झालं तरी वडील चिडतात हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं.

पायरी ६: थांबायची तारीख

ही छोटी आहे. वहीत प्रत्येक कल्पनेच्या पानाखाली एक तारीख लिहा, त्या दिवसापर्यंत भाव उंबरठ्यावर आला नाही किंवा पैसे देणारे तीन जण मिळाले नाहीत तर ते पान बंद. तारीख आजच लिहायची, नंतर मन वकिली करायला लागतं. सोबत्यांना दाखवून त्यांची सही घ्या.

आमच्या बिल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पानावर अशी तारीखच नव्हती, म्हणून आठ महिने गेले, नाहीतर तिसऱ्या महिन्यातच कळलं असतं. भानगडींच्या पानावर आहे. एकदा आम्ही ती तीन महिन्यांनी पुढे ढकलली, पण शेजारी कारण लिहून चौघांनी सह्या केल्या, आणि दोन महिन्यांतच तिसरं गिऱ्हाईक आलं.